गळा प्रयागचा

प्रयागमावशी नसती तर आज मला माझ्या नावानं कुणी ओळखलं नसतं. हे आधीच सांगून टाकते. शेवटी सांगू म्हणून ठेवलं की ते कापलं जातं, हे मी तिच्याच गाण्याच्या बाबतीत पाहिलंय.

मी सध्या सुरतेत असते. साडी मार्केटमधल्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, गोल लाइटसमोर उभी राहून मोबाइलवर साड्या दाखवते. समोर माणूस एकही नसतो आणि बघणारे मात्र कुठून कुठून बघत असतात. माझं शिक्षण आठवी, तेही अर्धवट. त्यामुळे हे लिहितानासुद्धा ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती वाटते. पण मावशीवर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. तिचं गाणं आमच्या जिल्ह्यात ज्याच्या हातात मोबाइल आहे त्यानं ऐकलंच असेल. तिला मात्र आमच्या मंठ्याच्या बाजारात भाजीवालीसुद्धा ‘खिचडीवाल्या बाई’ म्हणते.

कारण ती आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. बुटकी, सावळी, पुढचा एक दात पडलेला, पदर कायम कमरेला खोचलेला. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पातेल्यात डाव फिरवता फिरवता ती नवं गाणं जुळवायची. चाल अडली की हात थांबायचा, आणि हात थांबला की खिचडी बुडाला लागायची. एकदा आमच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, “प्रयागबाई, आज कडू लागतेय हो.”

“लागणारच की बाई,” मावशी म्हणाली, “आज कडवं झालं ना!”

हा विनोद तिनं पुढं इतक्यांदा केला की बाईंनी तक्रार करणंच सोडून दिलं.

माझी शाळा सुटली ती आईच्या कमरेमुळं. वडील नव्हते, घर शिलाई मशीनवर चालायचं, आणि आईला मशीनवर बसवेना. मी बसले. शाळेतून कुणी विचारायला आलं नाही. मावशी आली. दारात उभी राहून म्हणाली, “तुझी ताटली रोज उपडीच राहून राह्यली. कामून?”

मी सांगितलं. उपदेश करील असं वाटलं होतं. तिनं पदराआडून डबा काढला आणि मशीनवर ठेवला. “शाळा सुटली म्हणून भूक सुटती का काय?”

त्या दिवसापासून संध्याकाळी ती आमच्याकडं टेकायची. मी मशीन चालवायची आणि ती जुन्या गोष्टी सांगायची. एकेकाळी तिच्या गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या होत्या. भीमजयंतीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत, काळी-पिवळी जीपमध्ये तिचा आवाज असायचा. तिच्या मागच्या पिढीतल्या गाणाऱ्यांसारखी तीही शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायची. ‘प्रयाग म्हणे’ आलं की लोकांना कळायचं, गाणं संपलं आणि ते कुणाचं होतं. वेगळं नाव छापायची गरजच नसायची.

त्याच काळात टेंभुर्णीला तिचा कार्यक्रम ठरला. आवाज ऐकून तिथल्या लोकांनी मनात एक उंच, गोरी, मोठी बाई बसवली होती. ही जीपमधून उतरून मंडपात गेली, तर एक कार्यकर्ता हिला म्हणाला, “मावशी, पाहुण्यांना जरा पाणी द्या. बाई आत्ता येतील.”

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय, दिलं पाणी. बराबर सगळ्यांना दिलं. मंग तांब्या त्याच्याच हातात दिला अन् चढले स्टेजवर.” एवढं सांगून ती पडलेल्या दाताच्या फटीतून हसायची. “कॅसेटीला डोळे न्हवते गं सोने. म्हणून आमचं निभावलं.”

पुढं कॅसेटी जाऊन टीव्हीवर लावायच्या सीडी आल्या, तेव्हा तिच्या कॅसेटी काढणाऱ्या कंपनीच्या माणसानं तिला शहरात बोलावलं. आवाज घेतला. मग तिच्याकडं जरा वेळ नुसतं बघितलं आणि म्हणाला, चित्रात दुसरी मुलगी घेऊ. ती मुलगी मराठी बोलणारी नव्हती. ओठ एकीकडं, शब्द दुसरीकडं. ‘प्रयाग म्हणे’ आलं की ती छातीवर हात ठेवून मुरकायची. मावशी त्या मुलीची नक्कल करायची तेव्हा आई कमरेचं दुखणं विसरून हसायची. मावशीही हसायची. पण त्या सीडीनंतर तिनं कंपनीचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि स्वतःचं तोंड कॅमेऱ्यापुढं नेलं नव्हतं.

तिची एक सवय तेव्हाच लागलेली असावी. कुणी मोबाइलवर तिला गाणं दाखवलं, कुणाचंही असो, की ती मोबाइल हातात घ्यायची, जमिनीवर पालथा ठेवायची आणि डोळे मिटायची. “हां. आता ऐकू येऊन राह्यलं.”

आमच्याकडं लग्नाचं शूटिंग करणारे बाळूभाऊ होते. लग्नसराई नसली की ते गाण्यांचे व्हिडिओ करून आपल्या चॅनलवर टाकायचे. त्यांनी मावशीचं एक नवं गाणं ऐकलं आणि तिच्या मागंच लागले. गाणं असं होतं:

पुसू नको गं पाटीवरचं,
माझ्या लेकीचं नाव हाय...

आणि शेवटचं कडवं:

प्रयाग म्हणे, ऐका गं बायांनो,
मंठा माझं गाव हाय.

“मावशी, नुसता आवाज आता कुणी ऐकत नाही,” बाळूभाऊ म्हणाले. “गाणं आता आधी बघतात.”

“मंग बघणाऱ्यांसाठी दुसरं कोण बघ. मी न्हाई उभी राहणार.”

बाळूभाऊंनी इकडं तिकडं बघितलं. मी मशीनवर होते. अशी मी त्या गाण्यातली लेक झाले. शाळा सोडलेली मुलगी, हातात पाटी घेऊन. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही, नवा परकर-पोलका शिवायला मिळाला याचाच आनंद होता.

शूटिंग गावाबाहेर तुरीच्या शेतात झालं. स्पीकरवर गाणं लावायचं आणि मी ओठ हलवायचे. माझे ओठ बरोबर हलत होते, पण बाळूभाऊ सारखं म्हणत होते, खोटं वाटतंय. मावशी बांधावर बसली होती, ती उठून कॅमेऱ्याच्या मागं येऊन उभी राहिली.

“व्हट कुणीबी हलवतं,” ती म्हणाली. “चोरी पकडली जाती ती श्वासात. मी जिथं दम घेतला तिथंच तू घ्यायचा. माझा हात वर झाला की घे.”

आणि गाणं संपेपर्यंत ती कॅमेऱ्याच्या मागं हात वर करत, खाली करत उभी राहिली. तिच्या हातावर मी श्वास घेतला. तो व्हिडिओ आजही बघितला तर मी लेन्सच्या जरा वर बघतेय हे दिसतं. लोकांना वाटतं, मुलगी आभाळाकडं बघतेय.

गाणं फार चाललं. शाळांच्या गॅदरिंगमध्ये, जयंतीच्या मिरवणुकीत, लोकांच्या स्टेटसला. आणि मग ती चूक झाली, जी आमच्याच भागात होऊ शकते. आमच्याकडं लोक नाव शेवटच्या कडव्यात शोधतात. शेवटच्या कडव्यात माझे ओठ म्हणत होते, ‘प्रयाग म्हणे’. झालं. मी प्रयाग झाले. कमेंटमध्ये ‘प्रयागताई, काय गळा दिलाय देवानं’. बाजारात मुलं माझ्या मागून ‘ए प्रयाग’ ओरडायची. बाळूभाऊंनी खाली गायिकेचं नाव टाकलं होतं, पण तेही प्रयागच. त्यानं लोकांची खात्रीच पटली.

मला लाज वाटायची. मावशीला म्हटलं, “मावशी, तुमचं नाव माझ्या अंगावर आलं.”

“येऊ दे. धुतल्यावर जाईल,” ती म्हणाली. पण त्या दिवशी कुठली चाल जुळवत नसतानाही तिची खिचडी करपली, असं मला नंतर कळलं.

मग आमंत्रण आलं. परत टेंभुर्णीचंच. ‘सुप्रसिद्ध गायिका प्रयागताई’ आणि खाली माझा फोटो. मी आईला बिलगून रडायला लागले. मला गाता येत नव्हतं. गेले नाही तर फसवलं म्हणतील, गेले तर तिथंच उघडी पडेन. गल्लीत आधीच बोलणं चालू होतं की पोरगी व्हिडिओत नाचती, आता हिला करणार कोण. बाळूभाऊंनी तोड काढली. मी पुढं उभं राहायचं, माइक बंद. मावशीनं मागं कोरसच्या बायांत बसून गायचं. मावशीनं ऐकून घेतलं आणि हो म्हणाली. मला तिचा रागच आला. स्वतःच्या नावावर स्वतः मागं बसायला तयार झालेली बाई मी पाहिली नव्हती.

“हिला पुढं न्यायची अन् मी खरं सांगून मोकळी व्हायची, हे जमायचं न्हाई,” तिनं आईला सांगितलं. “पोरगी परत कुठंच उभी राहणार न्हाई. माझं काय, टेंभुर्णीचं पाणी माझ्या नशिबातच हाय.”

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. एका तरुण कार्यकर्त्यानं ‘जय भीम’ घालून माझ्या गळ्यात हार घातला. मावशीकडं बघून म्हणाला, “आपण ताईंच्या आई का?”

“आई न्हाई. मी गळा हाये.”

तो बिचारा गोंधळला. “गळा? म्हणजे आडनाव का?”

“हां, तसंच समजा,” मावशी म्हणाली, आणि कोरसच्या बायांत जाऊन बसली.

गाणं सुरू झालं. मी बंद माइक दोन्ही हातांनी धरला होता. मागून मावशीचा आवाज येत होता आणि माझ्या पाठीला तो लागत होता, चुलीची धग लागावी तसा. पुढं तिचा हात दिसत नव्हता. तरी कुठं श्वास घ्यायचा ते मला पाठ होतं. बायका टाळ्या वाजवत होत्या. एक-दोन म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. सगळं पार पडतंय असं वाटलं, आणि शेवटचं कडवं आलं.

मागून आवाज आला नाही.

पेटीवाल्यानं चाल परत वाजवली. तरी नाही. माझं तोंड उघडंच राहिलं होतं, ते मिटलं. मला वाटलं, झालं, मावशीचा विचार बदलला, आणि बदलला तर तिचं काय चुकलं? मग पाठीमागं बांगड्या वाजल्या. मावशी उठून पुढं आली होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आपल्या हातातल्या माइकमध्ये एकदा खाकरली आणि गायली:

गळा प्रयागचा, व्हट सोनीचं,
दोघींचं एकच गाव हाय...

लोकांना कळायला वेळ लागला. मग बायांच्या बाजूनं एक आजी ओरडली, “म्हंजी ही पोरगी मुकी हाय व्हय गं?”

मंडप हसला. मावशीही हसली. “मुकी न्हाई माय, लाजती. बोल गं, सांग तुझं नाव.” आणि तिनं आपला चालू माइक माझ्या तोंडापुढं धरला. दुसरा हात तिनं वर केला, शेतात करायची तसा. मी श्वास घेतला.

“मी सोनाली. मंठ्याची. आठवीत शाळा सुटली माझी.”

एवढंच. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या आजीनं मला जवळ बोलावून माझ्या हनुवटीला हात लावून बोटं मोडली. मग लोकांनी मावशीला तेच गाणं पहिल्यापासून परत गायला लावलं. त्या खेपेला मी कोरसच्या बायांत बसले. मावशीनं डोळे मिटून, डावा कान तळव्यानं झाकून गायलं. खरं गाणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं. पाहिलं म्हणतेय, पण डोळे मीही मिटले होते.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पुढचे ठरलेले कार्यक्रम गेले. त्या लोकांना व्हिडिओतली मुलगी आणि व्हिडिओतला आवाज एकाच जागी हवा होता. आमच्या दोघींचं ते जमत नव्हतं. बाळूभाऊ चिडले होते, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी नवी तोड काढली. गाणं छोटं करून परत टाकलं, आणि शेवटचं कडवं काढून टाकलं. “मावशी, लोक तिथवर थांबत नाहीत. वीस-तीस सेकंदांत बोट फिरवून पुढं जातात. भांडण मुळातून मिटलं बघा.”

भांडण मिटलं, कारण आता त्यात ना प्रयागचं नाव होतं ना सोनीचं. तिच्या घराच्या ओट्यावर आम्ही ते ऐकलं. तिनं नेहमीसारखा मोबाइल पालथा ठेवला होता. गाणं संपलं तरी ती तशीच डोळे मिटून बसली, उरलेलं यायची वाट बघत. मग म्हणाली, “एवढंच?”

तिला खचलेली मी तेवढीच पाहिली. पण दोन दिवसांनी शाळेची खिचडी पुन्हा कडू लागली. संध्याकाळी ती आली तीच ताल धरून. नवं गाणं होतं आणि त्याचा पहिलाच शब्द होता, ‘प्रयाग’.

“शेवटाला कोण थांबत न्हाई ना? मंग मी दारातच उभी राहते. बघू कसं कापतो.”

बाळूभाऊंनी ते गाणं दुसऱ्या ओळीपासून सुरू केलं. तिनं पुढच्या गाण्यात नाव ध्रुवपदात घातलं, जे फिरून फिरून येतं. त्यावर बाळूभाऊंनी कॅमेरा खाली ठेवला आणि तिला हात जोडले. आज आमच्याकडं नव्या मुलांची गाणी ऐकते तर पुष्कळ जण पहिल्याच ओळीत नाव टाकतात. त्यांना वाटतं, ही नवी फॅशन आहे. ती कुणामुळं आली हे मला माहीत आहे, मंठ्याच्या एका गल्लीला माहीत आहे.

माझ्यापाठी बोलणं मात्र थांबलं नव्हतं. मी अठरा वर्षं पूर्ण केली तशी मामानं लग्नाची घाई केली. मुलगा मला बघायच्या आधी व्हिडिओ बघून आला होता आणि त्यानं अट घातली होती की तो व्हिडिओ काढून टाका. मावशीची भाची तेव्हा सुरतेत साड्यांच्या घड्या घालायच्या कामावर होती. तिच्या दुकानात साड्या दाखवायला मुलगी हवी होती. मला तिकडं पाठवा म्हणायला मावशी आईसमोर बसली.

“लोक काय म्हणतील, प्रयाग? आधीच नाचली म्हणतात.”

“नाचली कुठं? उभी होती. उभं राहायचाच पगार देतात तिकडं. लगीन कुठं पळून चाललंय? पोरीला एकदा स्वतःच्या नावानं उभी राहू दे.”

आई उठून माझी पिशवी शोधायला लागली.

सुरतेत पहिल्या दिवशी मला शेठ म्हणाले, काहीतरी छोटं, छान नाव घे, रिया वगैरे. मी म्हटलं, सोनाली. माझा आवाज किती कापला ते मलाच ठाऊक. रोज लाइव्ह सुरू व्हायच्या आधी वाटत राहतं, हिंदी चुकेल, साडीचा रंग चुकेल, काम जाईल. आता शेठ म्हणतात की कॉम्प्युटरनं बनवलेली मुलगी साडी दाखवू शकते, ती थकत नाही. म्हणजे ज्या चेहऱ्यासाठी मावशीला मागं बसवलं, तो चेहरासुद्धा आता नको झाला. हे ऐकल्यापासून झोप नीट लागत नाही. पण लाल दिवा लागला की मी लेन्सच्या जरा वर बघते. तिथं कुणी नसतं. तरी श्वास जागेवर येतो.

ते कापलेलं गाणं अजून फिरतंय. पोर पहिल्यांदा शाळेत निघाली की आया त्यावर तिचा व्हिडिओ करतात. जिथं दिसेल तिथं मी खाली लिहिते, ‘गळा: प्रयागमावशी, मंठा’. कुणी वाचतं की नाही, देव जाणे.

परवा तिला व्हिडिओ कॉल लावला. आईनं सांगितलं होतं की मावशीचा घसा बसलाय, जालन्याच्या डॉक्टरांनी काही दिवस गाऊ नको म्हणून बजावलंय. माझ्या जिवाला घोर. तिनं फोन उचलला तो कपाळाला लावूनच. मला एक भुवई आणि पांढरे झालेले केस दिसले.

“मावशी, गळा कसा आहे?”

“हाय जागेवर. तू जेवलीस का? वाळली गं.”

“मावशी, फोन जरा लांब धरा ना. तुम्ही दिसत नाही.”

तिनं लांब धरला. क्षणभर ती सबंध दिसली: ओट्यावर बसलेली, पदर खोचलेला, दाताची ती फट, मागं बुद्धविहाराची निळी भिंत. मग ती म्हणाली, “तुला बघून बोलायला सुचत न्हाई बघ,” आणि तिनं फोन पालथा घातला.

माझ्या हातात काळा पडदा राहिला. त्यातून आधी खाकरणं आलं, मग एकदम बारीक, फाटका, पण सुरातला आवाज. टेंभुर्णीचं कडवं. डॉक्टरांनी मना केलेलं. मी ‘नको मावशी’ म्हणाले नाही. डोळे मिटून ऐकलं.

मावशी, मी एक दिवस मंठ्याला येणार आहे. हा लाइट आणि हा मोबाइल घेऊन. तुम्ही ओट्यावर बसायचं, आहात तशा, पडलेल्या दातासकट. पाटीवरच्या नावापासून दोघींच्या गावापर्यंत सगळं गायचं. मी कॅमेऱ्याच्या मागं उभी राहीन, आणि तुमचा दम लागेल तिथं तुमच्यासाठी हात वर करीन. त्यातलं एक अक्षरही मी कापणार नाही.